ऐकूच आलं नाही, तर लागलं कुणाला?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो असं बरेच जण सांगतात, म्हणून नेहमीप्रमाणे थोडा नीटनेटका करून इथे देतो आहे. बोलण्यातली अडखळ काढली आहे, बाकी तसंच.

आजचा प्रश्न साधा आहे. एखाद्या अपंग माणसाबद्दल आपण काहीतरी वाईट बोललो, पण त्याला ते ऐकूच आलं नाही, तर त्याचं काही नुकसान झालं का? तो तिथे नव्हता. त्याला कुणी सांगितलंही नाही. मग लागलं कुणाला? चहाच्या टपरीवर हा वाद झाला तर बहुतेक जण म्हणतील, "जाऊ द्या हो, त्याला कुठे कळलंय." माणूस वाईट आहे म्हणून असं म्हणतो असं नाही. अपमान म्हणजे मनाला लागणं, आणि न ऐकलेलं मनाला लागणार कसं, असा सरळ हिशोब त्यामागे असतो.

हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो पहिल्यांदा विचारला गेला तो अगदी शब्दशः, म्हणजे बहिऱ्या माणसाबद्दल. ज्यू धर्मग्रंथात, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, एक नियम आहे: बहिऱ्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही. दुसरा भाग कळतो, आंधळा पडेल. पण पहिला? ज्याला ऐकूच येत नाही त्याला शाप देऊ नका हे सांगायची गरज का पडली? ज्यू पंडितांनी शेकडो वर्षं यावर डोकं चालवलं. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये रशी नावाचा मोठा भाष्यकार होऊन गेला. शाप कुणालाच द्यायचा नाही, मग इथे बहिराच का, असा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं की बहिरा जिवंत आहे. मेलेल्या माणसाला हा नियम लागू नाही हे त्यातून कळतं. म्हणजे ऐकू येतं की नाही ही कसोटीच नाही, जिवंत आहे की नाही ही कसोटी.

मग बाराव्या शतकात मायमोनिडीज आला. कॉर्डोबात जन्मलेला, पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा तत्त्वज्ञ. त्याने आपला टपरीवरचाच युक्तिवाद आधी नीट मांडला: ज्याने ऐकलं नाही त्याला दुःख झालं नाही, मग पाप कसलं? आणि मग तो म्हणतो की धर्माला फक्त ज्याला शाप दिला त्याचीच नव्हे, ज्याने दिला त्याचीही काळजी आहे. राग आणि सूडाची सवय जिभेला लागली की ती माणसाला बिघडवते.

मला हे उत्तर आवडतं, पण पुरत नाही. त्यात बहिरा माणूस पुन्हा बाजूलाच राहतो. नुकसान बोलणाऱ्याचं, सुधारणा बोलणाऱ्याची, आणि ज्याच्याबद्दल बोललं तो आपला निमित्तमात्र. इतिहासात बघितलं तर न ऐकलेल्या शब्दाने ज्याच्याबद्दल बोललं त्याचंच नुकसान झालेलं दिसतं, आणि तेही असं की दवाखान्याच्या कागदावर, कोर्टाच्या निकालात ते मोजता येतं.

तर चला अमेरिकेत. व्हर्जिनिया राज्य, शार्लट्सव्हिल गाव.

कॅरी बक नावाची मुलगी १९०६ साली इथे जन्मली. आई एमा, गरीब, नवरा सोबत नाही. कॅरी लहान असतानाच तिला डॉब्स नावाच्या कुटुंबात ठेवलं गेलं. शाळेत ती नीट होती, दर वर्षी पास होत होती. मग घरकामाला हवी म्हणून सहावीच्या आसपास शाळा सुटली. १९२० मध्ये आई एमाला लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत टाकलं गेलं. अपस्मार असलेले आणि त्या काळच्या भाषेत 'फीबलमाइंडेड', म्हणजे दुबळ्या मनाचे, अशांना ठेवण्याची ती जागा. १९२३ च्या उन्हाळ्यात त्या डॉब्स घरातल्याच एका नातेवाइकाने कॅरीवर बलात्कार केला, असं तिने पुढे सांगितलं. ती गरोदर राहिली. घराची अब्रू वाचवायचा सोपा उपाय काय? मुलगीच वेडसर आहे, चालीची नाही, असं लिहून द्यायचं. १९२४ मध्ये तिला मुलगी झाली, व्हिव्हियन. कॅरीची रवानगी त्याच वसाहतीत झाली, जिथे तिची आई होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाने कायदा केला होता: सरकारी संस्थेतल्या 'सदोष' माणसांची नसबंदी करता येईल. वसाहतीचे प्रमुख डॉक्टर ऑल्बर्ट प्रिडी यांना हा कायदा कोर्टात टिकतो का हे बघायचं होतं, म्हणून एक नमुना खटला हवा होता. कॅरी सोयीची होती. आई आत, मुलगी आत, आणि नात जन्मलेली.

आता इथे शब्द कसे काम करतात ते बघा. न्यूयॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरला वंशसुधारणेचं एक नोंदणी कार्यालय होतं. त्याचे प्रमुख हॅरी लॉफलिन यांनी या खटल्यात तज्ज्ञ म्हणून लेखी साक्ष दिली. कॅरीला ते कधी भेटले नाहीत. प्रिडींनी पाठवलेल्या कागदांवरून त्यांनी मत दिलं, आणि त्यात या घराण्याला दक्षिणेतल्या आळशी, अडाणी, बिनकामाच्या, समाजविघातक गोऱ्यांच्या वर्गात बसवलं. व्हिव्हियन तेव्हा काही महिन्यांची होती. एका समाजसेविकेने साक्षीत सांगितलं की बाळाच्या दिसण्यात काहीतरी अगदी सरळ नाही असं वाटतं. काय, ते तिला सांगता आलं नाही. कॅरीचा वकील आयर्विंग व्हाइटहेड हा पूर्वी याच वसाहतीच्या संचालक मंडळावर होता आणि समोरच्या वकिलाचा जुना मित्र होता. कॅरीच्या बाजूने त्याने एकही साक्षीदार उभा केला नाही. शाळेतल्या तिच्या बाईंना बोलावलं असतं तरी चित्र बदललं असतं.

प्रिडी मधेच वारले. त्यांच्या जागी जॉन बेल आले, म्हणून खटल्याचं नाव 'बक विरुद्ध बेल'. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरवला. निकाल लिहिला ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, आणि त्यात त्यांचं ते कुप्रसिद्ध वाक्य आहे, की इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. इम्बेसाइल म्हणजे मठ्ठ, जडबुद्धी. विरोधात मत देणारे एकटे पिअर्स बटलर, त्यांनी कारणही लिहिलं नाही.

'इम्बेसाइल' हा शब्द तेव्हा नुसती शिवी नव्हता, तांत्रिक पातळी होती. न्यू जर्सीत व्हाइनलंड नावाच्या गावातल्या संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने फ्रान्सच्या बिने चाचणीवरून शिडी केली होती. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत असेल तर 'ईडियट', तीन ते सात 'इम्बेसाइल', आठ ते बारा 'मोरॉन'. यातला 'मोरॉन' हा शब्द त्यानेच १९१० मध्ये ग्रीकवरून घडवला. आज शाळेतली पोरं एकमेकांना मोरॉन म्हणतात तो शब्द प्रयोगशाळेत जन्मलेला आहे, रस्त्यावर नाही. आणि कॅरीचं चाचणीतलं मानसिक वय नऊ वर्षं लिहिलेलं होतं. म्हणजे त्या काळचं ते संशयास्पद शास्त्र खरं धरलं तरी ती 'इम्बेसाइल' नव्हती! होम्ससाहेबांनी शास्त्रातला शब्द शिवीसारखा वापरला. किंवा असं म्हणा, शास्त्राने शिवीला जो कोट चढवला होता तो त्यांनी पुन्हा उतरवला.

१९ ऑक्टोबर १९२७ रोजी कॅरीची नसबंदी झाली. व्हिव्हियन शाळेत गेली, एका सत्रात गुणवंतांच्या यादीतही आली, आणि १९३२ मध्ये आतड्याच्या आजाराने आठव्या वर्षी वारली. तिसरी 'इम्बेसाइल' पिढी ती हीच.

पण या भागाचा खरा विषय कॅरी नाही. तिची बहीण डोरिस आहे.

कॅरीला निदान खटला तरी दिसला. डोरिसला काहीच दिसलं नाही. १९२८ मध्ये तिचीही त्याच वसाहतीत नसबंदी झाली. तिला सांगितलं काय, तर अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. ती बाहेर आली, लग्न केलं, मूल व्हावं म्हणून नवरा-बायकोने वर्षानुवर्षं प्रयत्न केले, डॉक्टरांना दाखवलं. मूल झालं नाही. १९७९-८० च्या सुमारास संस्थेचे जुने कागद उघडले गेले तेव्हा तिला कळलं. पन्नासहून जास्त वर्षांनी.

आता आपला टपरीवरचा प्रश्न पुन्हा घ्या. डोरिसबद्दल जो शब्द बोलला आणि लिहिला गेला तो तिने ऐकला नव्हता. तिच्या मनाला तो लागला नव्हता, कारण तो तिला माहीतच नव्हता. त्या पन्नास वर्षांत तिचं नुकसान झालं नाही असं कोण म्हणेल? उलट मला असं वाटतं की तिने तो ऐकला असता तर काहीतरी करता आलं असतं. ओरडता आलं असतं, पळून जाता आलं असतं, निदान नवऱ्याला खरं कारण सांगता आलं असतं. तोंडावर दिलेल्या शिवीला उत्तर असतं. पाठीमागे फाइलीत दिलेल्या शिवीला नसतं.

कुणी म्हणेल, हे नुकसान शब्दाने नाही, सुरीने केलं. बरोबर आहे. पण सुरी कुणावर चालवायची हे शब्दाने ठरवलं. त्या कायद्यात दुसरा निकषच नव्हता. माणूस आधी त्या शब्दात बसवायचा, मग पुढचं सगळं कायदेशीर.

व्हर्जिनियात अशा सुमारे आठ हजार नसबंद्या झाल्या, सगळ्या अमेरिकेत साठ हजारांवर. पुढे १९८० मध्ये तिथल्या पीडितांच्या वतीने खटला झाला, १९८५ मध्ये तडजोड झाली, आणि तडजोडीत राज्याने काय कबूल केलं बघा: ज्यांना कधी सांगितलंच नव्हतं त्यांना माहिती मिळेल अशी व्यवस्था करायची आणि समुपदेशन द्यायचं. २००२ मध्ये, निकालाला बरोबर ७५ वर्षं झाली त्या दिवशी, गव्हर्नरांनी माफी मागितली. २०१५ मध्ये हयात असलेल्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर द्यायचं ठरलं. तेव्हा हयात राहिलेले थोडेच होते.

गॉडर्डकडे एकदा परत जाऊ, कारण रशीने मेलेल्या माणसाला नियमातून वगळलं होतं ते आठवतंय ना? गॉडर्डने १९१२ मध्ये 'द कॅलिकॅक फॅमिली' नावाचं पुस्तक काढलं. त्याच्या संस्थेतली एक तरुण मुलगी, पुस्तकात तिचं नाव डेबोरा, तिचं कुळ त्याने मागे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापर्यंत नेलं. एका पूर्वजाच्या ४८० वंशजांपैकी १४३ जण दुबळ्या मनाचे होते असा दावा केला. चाचणी कशी केली? बहुतेकांची केलीच नाही. अनेक तर कधीच मेलेले होते. त्याची कार्यकर्ती एलिझाबेथ काइट गावोगाव फिरली, शेजारपाजाऱ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, "अमका कसा होता हो?" आणि ते म्हणाले, "जरा अर्धवटच होता." झाली नोंद. गावगप्पा आकडा झाल्या. मेलेल्यांना काही ऐकू गेलं नाही, हे खरंच. पण त्यांच्या नावावर लागलेल्या शिक्क्यावरून जिवंत डेबोराचं रक्त सदोष ठरलं. तिचं खरं नाव एमा वॉल्व्हर्टन. आठव्या वर्षी ती संस्थेत आली, आणि १९७८ मध्ये वारली तीही संस्थेतच. गॉडर्डने स्वतः १९२८ मध्ये आपली बरीच मतं मागे घेतली. पण पुस्तक जर्मनमध्ये १९१४ लाच गेलं होतं, आणि १९३३ मध्ये पुन्हा छापलं गेलं.

१९३३ म्हटल्यावर पुढचं तुम्हाला दिसतंय. ते थोडक्यात सांगतो, त्यावर वेगळा भाग करायला हवा. जर्मनीत १९२० मध्येच एक कायदेपंडित, कार्ल बिंडिंग, आणि एक मनोविकारतज्ज्ञ, आल्फ्रेड होखे, यांनी 'जगण्यास अपात्र जीवन' हा शब्दप्रयोग छापून आणला होता. तेव्हा ती चर्चा होती, पंडितांची, आपसातली. १९३९ मध्ये जी यंत्रणा सुरू झाली आणि पुढे बर्लिनच्या टिअरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून चालली तिला त्या पत्त्यावरून टी-४ म्हणतात. मनोरुग्णालयांना छापील फॉर्म गेले: रुग्णाचं नाव, निदान, काम करू शकतो का. भरलेले फॉर्म तीन तज्ज्ञांकडे जात. रुग्णाला न बघता ते खूण करत. लाल अधिक म्हणजे मारायचा, निळा वजा म्हणजे ठेवायचा. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्यांच्याच हिशोबात ७०,२७३ माणसं विषारी वायूने मारली गेली. घरच्यांना खोट्या आजाराचं पत्र. त्या सबंध साखळीत रुग्णाला उद्देशून एकही वाईट शब्द बोलला जायची गरज नव्हती. फॉर्म पुरेसा होता. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत बचाव पक्षाने होम्ससाहेबांचा तो निकालही पुढे केला होता.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांच्या १९१२ च्या लुनसी कायद्यात 'लुनॅटिक' या शब्दाची व्याख्याच अशी होती की ईडियट किंवा अस्वस्थ मनाचा माणूस. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं चालला. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्य कायदा १९८७ चा, आणि तो लागू झाला १९९३ मध्ये. वारसाचं बघा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, जड यांना वाट्यातून वगळलं आहे, फक्त पोटाला द्यावं असं म्हटलं आहे. इंग्रजी कोर्टांनी हे हिंदू कायदा म्हणून चालवलं. १९२८ मध्ये सुधारणा झाली आणि रोग किंवा व्यंग यामुळे वारसा जाणार नाही असं ठरलं. अपवाद दोन: जन्मतः लुनॅटिक आणि जन्मतः ईडियट. म्हणजे एवढे दोन शब्द उरले आणि त्यांना जमिनीचा भाव आला. भाऊबंदकीत एखाद्या भावाला 'जन्मतः तसाच आहे' म्हणण्यात किती एकर होते याचा विचार करा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तोही अपवाद काढला.

आणि आपली स्वतःची गोष्ट, परदेशातली नव्हे. फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या, मतिमंद मुलींसाठीच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात ससून रुग्णालयात झाल्या. कारण काय दिलं गेलं, तर या मुलींना पाळीच्या दिवसांतली स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, शस्त्रक्रिया थांबल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तेव्हाच्या चर्चेत 'मतिमंद' हा शब्द सगळ्या बाजूंनी वापरला जात होता, विरोध करणाऱ्यांकडूनही. तो तेव्हा शिवी मानला जात नव्हता, सरकारी पाटीवरचा शब्द होता. पण त्या एका शब्दात इतकं गृहीत होतं की मुलींना समजावून सांगायचं, निदान विचारायचं, हा प्रश्नच मागे पडला. नीट मदत मिळाली, कपडे आणि पाणी आणि शिकवणारी बाई मिळाली, तर त्यातल्या किती जणींना जमलं असतं, हा मुद्दा बाहेरच्यांना मांडावा लागला.

म्हणून मला म्हणींची तेवढी भीती वाटत नाही. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं', 'वासरात लंगडी गाय शहाणी', या म्हणींवर बंदी आणा असं कुणी म्हटलं की मी जरा गप्प बसतो. त्या चांगल्या आहेत असं नाही, पण त्या उघड्यावर आहेत. अंध मित्र समोर असेल तर तो तिथल्या तिथे टोमणा मारू शकतो, आणि मारतातही, चांगला झणझणीत. मला भीती वाटते ती खालच्या आवाजातल्या शब्दांची: शाळाप्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत, लग्न जमवताना मध्यस्थाच्या फोनवर, नोकरीच्या मुलाखतीनंतर दार लागल्यावर.

गंमत म्हणजे आपला कायदा नेमका उलट बाजूला उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ९२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. पण अट आहे: अपमान लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी व्हायला हवा. असेच शब्द अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आहेत, आणि त्यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. यामागचं कारण मला कळतं. फौजदारी कायद्याने घरातल्या प्रत्येक बोलण्यावर कान लावावा असं मलाही नको आहे. २०२४ मध्ये 'आँख मिचोली' या हिंदी सिनेमावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली नाही, पण शब्द संस्थात्मक भेदभाव रुजवतात हे स्पष्ट लिहिलं आणि पडद्यावरच्या चित्रणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ते पडद्याचं झालं. पडदा सगळ्यांना दिसतो. फाइल दिसत नाही.

डोरिसला जेव्हा कळलं तेव्हाची हकीकत त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून आली. नवरा-बायको दोघं बसून रडली. काय झालं होतं ते तिला इतकी वर्षं कळलंच नव्हतं, असं ती म्हणाली. कॅरी १९८३ मध्ये वारली. तिला शार्लट्सव्हिलमध्येच पुरलं आहे, तिची मुलगी व्हिव्हियन आहे त्याच स्मशानभूमीत.

पुढच्या भागात टी-४ बद्दल, आणि त्याविरुद्ध चर्चच्या व्यासपीठावरून उघड बोललेल्या बिशप फॉन गालेनबद्दल. तोपर्यंत नमस्कार.